भाकरीच्या वाटेने: देहू, भंडारा, भामचंद्र, घोराडेश्वर

कार्तिक वद्यात देहूला जायचं ठरवलं की दोन गोष्टी न मागता मिळतात. एक, मावळातली भाताची झोडणी. दुसरी, माउलींच्या समाधी सोहळ्यासाठी आळंदीला निघालेल्या कोकणातल्या दिंड्या. आम्ही पहिलीसाठी गेलो होतो. दुसरी वाटेत भेटली आणि तिनेच जास्त खाऊ घातलं.

बेत साधा होता. तुकोबांचं गाव, आणि ते ज्या डोंगरांवर जाऊन बसत ते भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर, जमेल तितकं पायी करायचं. सोबतीला मामेभाऊ. तो तळेगावला राहतो, चाकणच्या बाजूला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. रोज कंपनीच्या बसने भंडाऱ्याच्या पायथ्यावरून जातो, पण शाळेच्या सहलीनंतर वर काही चढलेला नाही. "ताई, बघण्यासारखं जे आहे ते मी रोज खिडकीतून बघतो," म्हणाला, आणि तरी रजा टाकून आला.

पहिला दिवस: देहू

पुणे-लोणावळा लोकलने देहूरोडला उतरलो. देहूरोड वेगळं आणि देहूगाव वेगळं, मध्ये सहाएक किलोमीटर आहेत. रिक्षा मिळते, निगडीहून पीएमपीची बसही जाते. आम्ही चालत निघालो. सुरुवातीचा रस्ता लष्करी हद्दीचा, तारांची कुंपणं आणि ‘फोटो काढू नये’च्या पाट्या. मग वर्दळ वाढत जाते आणि प्लॉट विक्रीचे फलक सुरू होतात. त्यातल्या निम्म्यांवर तुकोबा आहेत, वीणा-चिपळ्यांसह, खाली चौरस फुटाचा भाव. ज्या माणसाने कर्जखतं नदीत सोडली त्याच्या डोक्याशी हप्त्यांची सोय छापणाऱ्यांच्या धाडसाचं कौतुक वाटलं.

गावाच्या अलीकडे पालखीच्या वाटेवर अनगडशहा बाबांचा दर्गा आहे. आषाढीची पालखी देहूतून निघाली की तिची पहिली आरती इथे होते. गोष्ट अशी सांगतात की या फकिराचा कटोरा कुणाला भरता येत नसे. तो तुकोबांच्या दारात आला, घरात देण्यासारखं फार नव्हतं, मुलीने चिमूटभर पीठ टाकलं आणि कटोरा भरून वाहिला. दर्ग्याच्या बाहेर बसलेल्या आजोबांनी ही गोष्ट आम्हाला सांगितली आणि वर म्हणाले, "पोरीनं दिलं म्हणून भरला. मोठी माणसं मोजून देतात."

देऊळवाड्यात दुपारी गर्दी कमी होती. विठ्ठल-रखुमाईचं हे देऊळ तुकोबांच्या आधीपासूनचं. त्यांच्या आठ पिढ्या आधीचे विश्वंभरबाबा हे घराण्यातले पहिले नामांकित वारकरी. पंढरीला जाणं होईना तेव्हा आंब्याच्या बनात त्यांना या मूर्ती मिळाल्या, अशी परंपरा आहे. पुढे देऊळ मोडकळीला आलं. ‘देवाचें देऊळ होतें जें भंगलें, चित्तासी जें आलें करावेंसें’ असं तुकोबाच सांगतात, आणि ते हातांनी बांधायला घेतात. आवारातच शिळा मंदिर आहे. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्यावर तुकोबा तेरा दिवस अन्नपाण्यावाचून ज्या शिळेवर बसले ती इथे ठेवलेली आहे. मंदिराची आजची वास्तू नवी, 2022 सालची.

देहूच्या मंदिरात जुनी हस्तलिखित वही जपलेली आहे, तुकोबांच्या हातची म्हणून तिला मान आहे. मुंबई सरकारच्या पैशाने 1869 साली इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा छापली गेली, तेव्हा शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित या संपादकांनी इतर हस्तलिखितांबरोबर देहूची प्रतही समोर ठेवली होती. बुडवलेली कविता दोनशे वर्षांनी सरकारी खर्चाने वर आली, यात मला नेहमी एक गंमत वाटते.

तुकोबांच्या घराकडे आलो. आज तिथे देवघरासारखी व्यवस्था आहे, त्यामुळे दुकान कुठे, वखार कुठे, हे मनानेच मांडावं लागतं. पण इथे वाण्याचा धंदा होता, महाजनकी होती, वडील बोल्होबा बाजारात पत असलेले होते. थोरला भाऊ सावजी विरक्त होऊन निघून गेला, आईवडील गेले आणि सगळा भार कोवळ्या वयाच्या तुकोबांवर पडला. त्यात 1630 चा दुष्काळ. पहिली बायको रखुमाबाई त्यात गेली. ‘दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.’ शाळेत आम्हाला तुकाराम शिकवले ते वृक्षवल्लीवाले. ही ओळ पुस्तकात नव्हती. असती तर त्या सोयऱ्या झाडांकडे माणूस का पळाला ते तेव्हाच कळलं असतं.

संध्याकाळी बाजारात रेंगाळलो. तुळशीमाळा, बुक्का, गोपीचंदन, टाळांच्या जोड्या, लाह्या-बत्तासे. एका पखवाजवाल्याच्या दुकानात बराच वेळ गेला. उजव्या तोंडाला शाई कायमची चढवलेली असते, पण डाव्या तोंडाला, म्हणजे धुमेला, वाजवण्याआधी दर वेळी ताजी कणीक लावतात. त्याने छोटा गोळा मळून, थापून, आवाज उतरवून दाखवला. "भजन झालं की कणीक काढायची. गाईला घालायची. रात्रभर तशीच ठेवली तर कातडं खराब." मामेभाऊ कारखान्यातल्या सवयीने किती ग्रॅम लागते विचारू लागला. "कानाला लागते तेवढी," तो म्हणाला.

वैकुंठस्थान गावाच्या थोडं बाहेर, नदीकडे आहे. तिथला नांदुरकीचा वृक्ष तुकाराम बीजेला, फाल्गुन वद्य द्वितीयेला, दुपारी बारा वाजता हलतो, अशी श्रद्धा आहे आणि त्या दिवशी इथे पाऊल ठेवायला जागा नसते. शांतपणे बघायचं असेल तर बीज, आषाढीचं प्रस्थान आणि एकादश्या टाळा. गाथा मंदिर मी भरभर उरकलं. चार हजारांवर अभंग संगमरवरात कोरलेत हे काम मोठंच आहे, पण भिंतीवर कविता वाचताना मान दुखते आणि तिसऱ्या भिंतीपासून माणूस फक्त आपल्या ओळखीच्या ओळी शोधत फिरतो. मुलांना मात्र न्या, त्यांना मजा येते.

मुक्काम धर्मशाळेत. खोली स्वच्छ होती, रात्री बाराला कुठल्याशा मंडळाचं भजन संपलं आणि पहाटे चारला काकडा सुरू झाला. मधल्या चार तासांत झोपून घ्यायचं.

दुसरा दिवस: भंडारा आणि सुदुंबरे

पहाटे घाटावर धुकं होतं. डोहाच्या पायऱ्यांवर दोन बायका महाशीर माशांना लाह्या टाकत होत्या. देहूच्या डोहातले हे मासे पकडत नाहीत, देवाचे मानतात. पाणी मात्र वरून जे वाहून येतं त्यानुसार कधी बरं, कधी वास मारणारं. त्या दिवशी बरं होतं. "गेल्या खेपेला मेलेले तरंगत होते," एक बाई म्हणाली आणि उरलेल्या लाह्या आमच्या हातावर ठेवल्या, "टाका तुम्हीपण."

पूल ओलांडून येलवाडी, मग सांगुर्डीच्या अंगाने भंडाऱ्याकडे. पाच-सहा किलोमीटर अंतर आहे. बहुतेक लोक तळेगाव-चाकण रस्त्यावरून गाडीने थेट माथ्यावर जातात. तसं जाऊ नका असं मी सांगणार नाही, गुडघे ज्याचे त्याला ठाऊक. पण देहूतून पायी गेलं की एक गोष्ट पायांना कळते, आणि या सगळ्या प्रवासात मला तीच महत्त्वाची वाटली.

तुकोबा भंडाऱ्यावर चिंतनाला बसत, हे सगळे सांगतात. त्यांची दुसरी बायको जिजाबाई, आवली, दुपारची भाकरी घेऊन रोज त्यांच्यामागे जाई, हेही सगळे सांगतात. पण ते एका वाक्यात सांगून होतं. आम्ही पाठीवर पाण्याच्या बाटल्या आणि राजगिऱ्याच्या वड्या घेऊन, पायात चांगले बूट घालून, सकाळच्या गारव्यात निघालो होतो आणि पायथ्याला पोचेपर्यंत मामेभाऊ दोनदा बसला होता. त्यानेच हिशोब केला. "जायचे सहा, यायचे सहा. वर हा डोंगर. आधी दळण-भाकरी आणि परत येऊन पोरंबाळं. आणि तो वर बसलाय झाडाखाली!" गाथेत तुकोबांनी बायकोच्या तोंडचे अभंगही रचून ठेवलेत, चांगले कडकडीत. ‘माझी तों फजीती चुकेचि ना’ अशी तिची कैफियत तिथे आहे. कीर्तनात त्यावर लोक हसतात. सांगुर्डीच्या पुढच्या उघड्या माळावर, ऊन चढू लागल्यावर, ती ओळ आम्हा दोघांना विनोदी वाटली नाही.

याच वाटेवर आवलीच्या पायात काटा रुतला आणि काळ्या विठोबाने येऊन तो काढला, अशी कथा आहे. विठोबाला ती रोज शिव्या घालायची, म्हणून ती या कथेत शोभते. जागा कुठली म्हणून विचारलं तर गुराख्याने एक दाखवली आणि पुढे भेटलेल्या आजींनी दुसरी. आजींचा दावा पक्का होता: "काय बाई, काटा काय एकदाच रुतला असंल व्हय?"

डोंगर उंचीने काही विशेष नाही, पायऱ्यांच्या वाटेने अर्ध्या-पाऊण तासात वर. माथ्यावर भव्य दगडी मंदिराचं काम चाललेलं, यंत्रांचा आवाज आणि दगडाची भुकटी. एवढं मोठं कशाला, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि मी तो मनातच ठेवला, कारण शेजारी एक काका आपल्या गावाने किती पोती धान्य दिलं ते अभिमानाने सांगत होते. गर्दीपासून बाजूला झालात तर डोंगराच्या कडेला जुनी बौद्ध लेणी आहेत, स्तूपही आहे. म्हणजे एकांतासाठी ही जागा तुकोबांच्या शेकडो वर्षं आधी भिक्षूंनी हेरलेली. लेण्याच्या तोंडाशी बसलं की यंत्रं ऐकू येत नाहीत. वारा मात्र सतत असतो, टोपी सांभाळा.

तिथून खाली बघितल्यावर मामेभाऊ गप्प झाला. इंद्रायणीची वळणं, देहूची वस्ती, तळेगावच्या इमारती, दक्षिणेला घोराडेश्वरचा डोंगर आणि उलट्या अंगाला धुरकट भामचंद्र. सगळं एका नजरेच्या टप्प्यात. तुकोबा संसार सोडून रानात गेले असं आपण म्हणतो, पण या कड्यावरून त्यांना आपलं गाव दिसत असणार. सांजेला चुली पेटल्याचा धूरही दिसत असेल. घर सुटलं होतं, पण नजरेआड झालं नव्हतं.

माघ शुद्ध दशमीला इथे मोठा सप्ताह असतो. ‘माघ शुद्ध दशमी पाहुनि गुरुवार’ बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन अनुग्रह दिला, त्याची तिथी. तेव्हा लाखभर माणसांच्या पंगती उठतात म्हणे. आम्ही गेलो तेव्हा वर चहाची एक टपरी आणि भेळवाला. पाणी खालूनच नेलेलं बरं.

उतरून सुदुंबऱ्याच्या वाटेला लागलो आणि आभाळ भरून आलं. कार्तिकात पाऊस म्हणजे मावळातल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा. खाचरांत भात कापून पडलेलं, कुठे भारे बांधलेले, कुठे उडवी रचलेली. पहिले थेंब पडले तसा एका खळ्यावरून आरडाओरडा झाला, "ओ पाव्हणं, जरा हात लावा!" ताडपत्री वाऱ्याने उलटीपालटी होत होती. आम्ही दोघांनी एक टोक धरलं, घरातल्या दोन बायकांनी दुसरं, म्हाताऱ्याने दगड आणून कडांवर ठेवले. दहा-पंधरा मिनिटं सडकून पडला आणि थांबला. उडवी वाचली, शेजारच्या खाचरातले भारे भिजले.

मग ओसरीवर चहा. चहाबरोबर त्या बाईने नवीन इंद्रायणी तांदळाचा मऊ भात, त्यावर पावट्याची आमटी आणि तव्यावर भाजलेली सुकी मिरची दिली. नको म्हणायची सोय नव्हती. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, पण त्याच्या वासासाठी मावळातली माणसं ते चालवून घेतात. "कुठून आलात?" "देहूहून चालत." "चालत?" तिने सुनेकडे पाहिलं. "आणि जेवायचं काय बरोबर घेतलंत?" राजगिऱ्याच्या वड्या दाखवल्यावर दोघी मनापासून हसल्या. निघताना कागदात गुंडाळून दोन भाकरी आणि ठेचा हातात आला.

सुदुंबऱ्याला संताजी जगनाड्यांची समाधी आहे. तेल्याचा धंदा, मूळ चाकणचे. तुकोबांचे अभंग ज्यांनी लिहून ठेवले त्यांतलं हे ठळक नाव. समाधीची कथा अशी की संताजी गेल्यावर त्यांना माती देताना चेहरा काही झाकला जाईना. तुकोबांनी शेवटची माती देण्याचं वचन दिलेलं होतं. वैकुंठाला गेलेले तुकोबा येऊन मुठीने माती टाकून गेले, तेव्हा समाधी पूर्ण झाली. देहूच्या मानाने इथे शांतता आहे. पुजारीबुवांनी आम्हाला निवांत बसू दिलं. देहूला जाणारे शंभर असतील तर इथे येणारा एखादा, हे अन्यायाचं वाटलं, कारण लिहून घेणारा नसता तर गाणाऱ्याचं किती उरलं असतं?

रात्री तळेगावला मामीकडे. तिने ठेचा चाखून विचारलं, "हा कुणी केला? लसूण बरोबर पडलाय."

तिसरा दिवस: भामचंद्र

सुदुंबऱ्याच्या पुढपर्यंत रिक्षाने गेलो, कारण मधला रस्ता औद्योगिक वसाहतीचा आणि कंटेनरांचा आहे. तिथे पायी चालण्यात काही पुण्य नाही. सावरदरी, वासुली, शिंदे, भांबोली ही गावं आता कारखान्यांच्या भिंतींमधून शोधावी लागतात. वासुलीच्या फाट्यावर चहा घेतला. टपरीवर बिहार, ओडिशा, झारखंडची पोरं, पाळी सुटलेली. डोंगराची वाट विचारली तर त्यातला एक म्हणाला, "बाबा की गुफा? छुट्टी के दिन हम लोग जाते हैं." कोण बाबा, ते त्याला माहीत नव्हतं. "कोई बड़े संत थे. ऊपर हवा बहुत अच्छी है." अख्ख्या वसाहतीत वाट बरोबर सांगणारा तोच भेटला.

चढ पाऊण तासाचा. खाली पत्र्याच्या शेडचे निळे-पांढरे चौकोन पसरलेले, वर सरळ उभा कातळ. कड्यात गुहा आहेत, एकीत महादेव. तुकोबांची म्हणतात ती गुहा त्यापुढे, कातळाच्या अरुंद वाटेने जावं लागतं. पावसाळ्यात हा टप्पा निसरडा असतो, लहान मुलांना आणि चक्कर येणाऱ्यांना नेऊ नका. कड्याला मधमाश्यांची पोळी लटकतात, तेव्हा धूप-अगरबत्ती पेटवणं, आरडाओरडा आणि उग्र अत्तर टाळा.

दुष्काळानंतर, सगळं हरल्यावर, तुकोबा पहिल्यांदा आले ते इथे, देहूपासून सर्वांत लांबच्या डोंगरावर. ‘भांबगिरीपाठारीं वस्ती जाण केली, वृत्ती स्थिरावली परब्रह्मीं’. पंधरा दिवसांत साक्षात्कार झाला, असं त्याच अभंगात आहे. धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत फिरला आणि अखेर त्याला ते इथे सापडले. मग दोघे नदीवर गेले, कर्जखतांच्या वाटण्या केल्या. कान्होबाला संसार होता, त्याची निम्मी त्याला दिली, आपली निम्मी तुकोबांनी इंद्रायणीत सोडली. या वाटणीचं मला फार अप्रूप आहे. भावाच्या भाकरीवर आपला वैराग्याचा निर्णय त्यांनी लादला नाही. आवलीशी मात्र वाटणी झाल्याचं कुठे ऐकिवात नाही.

डोंगरावर वारकरी विद्यार्थी राहतात, गाथा-ज्ञानेश्वरी पाठ करायला. एका गुहेच्या तोंडाशी सतरा-अठरा वर्षांचा मुलगा पाठीवर ऊन घेत अभंग घोकत होता. बीडकडचा. ऊसतोडीला गेलेले आईवडील, हा इथे. माधुकरी मागायला खालच्या गावांत उतरतो. "कारखान्यातले लोक देतात का?" मामेभावाने विचारलं. "देतात की. डबे उरतात त्यांचे." मग त्याने आम्हालाच विचारलं, माउली काही खाल्लंय का. आमच्याकडे मामीने दिलेल्या दशम्या होत्या, त्याच्याकडे कुठल्याशा कँटीनचा भात. तिघांनी मिळून खाल्लं. त्याने जेवताना एक चरण चुकवला, पुन्हा म्हटला, पुन्हा तिथेच अडला. मामेभावाला तो पुढचा चरण आला! कुठून आला ते त्यालाही सांगता येईना. "आजी म्हणायची बहुतेक," एवढंच.

उतरताना मामेभावाने खाली बोट दाखवलं. "तो लांबचा पांढरा पत्रा दिसतोय ना, तिथे मी काम करतो." इतकी वर्षं त्या पत्र्याखालून त्याने हा डोंगर पाहिला नव्हता, शेडला या बाजूने खिडकीच नाही.

चौथा दिवस: घोराडेश्वर आणि परत

जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर सोमाटण्याच्या अलीकडे हा डोंगर आहे. लोकलने येणार असाल तर बेगडेवाडीला उतरा. पायऱ्या चांगल्या बांधलेल्या आहेत, सकाळी व्यायामाला येणाऱ्यांची रीघ असते. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला मात्र रांगा. माकडं खाऊच्या पिशव्या हिसकावतात, हातात काही दाखवू नका.

ही शेलारवाडीची लेणी. बौद्ध विहार होता, पुढे महादेव आला. इथल्या एका ब्राह्मी शिलालेखात धेनुकाकटचा राहणारा, नांगरटीवर जगणारा कुटुंबी उसभणक, याची बायको सियगुतणिका हिने मुलगा नंद याच्यासह लेणं दान दिल्याची नोंद आहे. कुणब्याच्या बायकोने डोंगरात लेणं खोदून दिलं. आणि शेकडो वर्षांनी ‘बरा कुणबी केलों, नाहीं तरि दंभेंचि असतों मेलों’ म्हणणारा माणूस त्याच सावलीला येऊन बसला. तुकोबांना तो लेख वाचता येणं शक्य नव्हतं. मला मात्र आवलीच्या सहा किलोमीटरांनंतर हे नाव भेटलं याचा आनंद झाला. नाव तरी कोरलेलं राहिलं एकीचं.

वरून एका बाजूला द्रुतगती मार्ग, जुना महामार्ग आणि रेल्वे शेजारी शेजारी, पलीकडे गहुंज्याचं क्रिकेट मैदान. उतरलो तेव्हा महामार्गाच्या कडेने दिंडी चालली होती, रायगड जिल्ह्यातली. घाट चढून आलेली माणसं, पायांना फडकी बांधलेली, पुढे विणेकरी, मागे सामानाचा टेम्पो. सावलीला थांबा होता आणि पंगत बसत होती. "चला माउली, बसा." आम्ही दिंडीतले नाही म्हणून सांगितलं, त्यावर वाढपी म्हणाला, "मग काय उपाशी जाणार?" भात, वालाची उसळ, तळलेला पापड आणि कोकणातून डब्यातून आणलेलं आंब्याचं लोणचं. वाढणाऱ्या सगळ्या बायका होत्या. त्यांचं जेवण व्हायचं होतं, आणि पुढचा टप्पा देहूपर्यंतचा.

शेजारी बसलेल्या मावशींना विचारलं, चालून आल्यावर पुन्हा वाढायला उभं राहायचं, पाय दुखत नाहीत? "दुखतात की. पण बसले तर उठवणार नाही, म्हणून उभीच." मामेभावाने उठून पाण्याची बादली घेतली आणि शेवटच्या ओळीपर्यंत पाणी वाढत गेला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बायका जेवायला बसल्या तेव्हा भाताचं पातेलं त्यानेच उचललं.

जाणार असाल तर शेवटचं थोडं. एकच दिवस असेल तर देहू आणि भंडारा पायी करा, आणि सुदुंबऱ्याला नक्की जा. दोन असतील तर भामचंद्र घाला. घोराडेश्वर सकाळी लोकलने येऊन दुपारपर्यंत होतो. मार्च ते मे हे डोंगर तापतात, सावली नाही. कार्तिक ते माघ उत्तम. देहूत राहायचं तर एकादशीच्या आसपास आधी विचारून ठेवा. आणि जेवणाचं मी काय सांगू, आम्ही चार दिवसांत पैसे देऊन जेवलो ते जेमतेम एकदा, देहूला खानावळीत, पिठलं-भाकरी. पिठलं पातळ होतं.